डोंगर अकोल्यात, नळ सावेडीत

जुलै लागला की नगरच्या वर्तमानपत्रांत एक आकडा रोज छापून येतो. कोतूळजवळ मुळा नदीचा विसर्ग इतके क्युसेक. नगरच्या सावेडी उपनगरात त्या वेळी आभाळ नुसतंच भरून आलेलं असतं. चार थेंब पडले की रस्ता ओला होतो आणि तासाभरात वाळतोही. तरी तो आकडा वाढला की माणसं निर्धास्त होतात, कारण बारागाव नांदूरचं २६ टीएमसीचं मुळा धरण त्यावरच भरतं. धरणातलं पाणी विळदमार्गे वसंत टेकडीच्या टाक्यांत येतं आणि तिथून पाइपलाइन रोड, प्रोफेसर कॉलनी करत आपल्या नळाला. मुळेचा उगम हरिश्चंद्रगडाच्या परिसरात. ज्या गडाचे फोटो आपण पावसाळाभर मोबाइलवर बघतो, तो आपल्या पाण्याचा डोक्यावरचा सांडवा आहे.

तरीही सावेडीकराला महाबळेश्वर जितकं ओळखीचं, तितका या गडाचा अकोले तालुका नाही. एक कारण अंतराचं. राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असं करत भंडारदऱ्याला पोचायला दीडशे किलोमीटरच्या आसपास रस्ता तुडवावा लागतो. नाशिककर त्याच्या निम्म्या अंतरात तिथे असतो. क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा, १७,०४८ चौरस किलोमीटरचा आपला जिल्हा. त्याचं मुख्यालय एका टोकाकडे कललेलं आणि डोंगर दुसऱ्या टोकाला.

त्या टोकाला सह्याद्रीच्या मुख्य धारेतून तीन रांगा पूर्वेकडे फुटतात. उत्तरेला कळसूबाईची, मध्ये बाळेश्वरची, दक्षिणेला हरिश्चंद्रगडाची. पहिल्या दोहोंमधून प्रवरा वाहते, दुसऱ्या दोहोंमधून मुळा. नकाशावर ही तीन बोटं एकदा नीट पाहिली की जिल्ह्याचा निम्मा भूगोल कळतो आणि राजकारणही बरंचसं. तिसरी रांग पुढे बालाघाट म्हणून मराठवाड्यापर्यंत जाते आणि गोदावरी व भीमा यांची खोरी वेगळी करते.

अरबी समुद्रावरून आलेले ढग या कड्यांवर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. घाटघर, रतनवाडीकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. रांगा ओलांडून पुढे सरकणाऱ्या ढगांत फारसं काही उरत नाही, म्हणून नगर शहराच्या वाट्याला सरासरी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर येतो. जिल्हा एकच, पण एका टोकाला भात आणि दुसऱ्या टोकाला टँकर.

आता या डोंगरावर राज्य कोणाचं? महसुलाचे जिल्हाधिकारी नगरला, प्रांत संगमनेरला, तहसीलदार अकोल्याला. इथपर्यंत सगळं नेहमीचं. पण तालुक्याचा पश्चिम भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली येतो. तिथे एखादा कायदा लागू करायचा की नाही, केला तर कोणत्या फेरफाराने, हे ठरवण्याचा अधिकार राज्यपालांना आहे. महादेव कोळी आणि ठाकर ही इथली मुख्य वस्ती. विधानसभेची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. आश्रमशाळा आणि आदिवासी विकासाच्या योजना राजूरच्या प्रकल्प कार्यालयातून चालतात. १९९६चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४चे नियम यांनी ग्रामसभेला गौण वनोपजावर हक्क आणि जमीन-पाण्याच्या कामांत शब्द दिला आहे. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीच्या नावावर करायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. भंडारदऱ्याचं लोणावळा झालं नाही, त्याचं मोठं श्रेय मी या तरतुदीला देतो.

त्यातच १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं. सुमारे ३६० चौरस किलोमीटरचं हे जंगल शेकरूचं घर आहे आणि त्याचा कारभार नाशिकच्या वन्यजीव विभागाकडे आहे. भंडारदरा धरण जलसंपदा खात्याचं, मुक्कामाची जुनी सोय पर्यटन महामंडळाची, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर भारतीय पुरातत्त्व खात्याचं. पर्यटक एका नाक्यावर पावती फाडतो आणि संपूर्ण डोंगराचे पैसे भरल्याच्या थाटात पुढे जातो. रस्त्यातला खड्डा कोणाचा, कचरा कोणी उचलायचा, हे विचारायला लागलं की प्रत्येक कचेरी दुसरीकडे बोट दाखवते. जिल्हा विभाजनाची मागणी जुनी आहे. नवं मुख्यालय कुठे, यावर श्रीरामपूर, संगमनेर आणि शिर्डी अशी ओढाताण चालू असते. त्या चर्चेत राजूरचं नाव मी कधी ऐकलेलं नाही.

राघोजी भांगरे याच मातीतले, देवगावचे. इंग्रजांविरुद्ध उठाव केला म्हणून २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याला फाशी दिली. डोंगरातला माणूस आणि खालची कचेरी यांचं नातं इतकं जुनं आहे.

इंग्रजांना मात्र इथलं पाणी हवं होतं. १९१० साली भंडारदऱ्याचं काम सुरू झालं आणि १९२६च्या डिसेंबरात गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. ८२ मीटर उंचीचं दगडी धरण, ११ टीएमसीचा आर्थर तलाव. या पाण्यावर खाली ऊस उभा राहिला आणि पुढे लोणीची सहकारी साखर कारखानदारीही. खालच्या निळवंडे धरणाला १९७० मध्ये मंजुरी मिळाली. डाव्या कालव्यात पाणी सुटायला २०२३ उजाडलं. शिवाय आता वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडायचं की नाही, हा वाद दुष्काळी वर्षांत न्यायालयापर्यंत जातो. घाटघरला तर पाणी दोन्हीकडे राबतं. मागणी कमी असते तेव्हा खालच्या, ठाणे जिल्ह्यातल्या जलाशयातून ते वर चढवायचं आणि मागणी वाढली की पुन्हा खाली सोडून २५० मेगावॉट वीज करायची. डोंगर असा सगळ्यांच्या उपयोगी पडतो, आणि त्याच डोंगरातल्या काही पाड्यांवर मे महिन्यात बायका हंडे घेऊन झऱ्याकडे उतरत असतात.

बघायचं काय, हा प्रश्न मग सोपा आहे. १,६४६ मीटरचं कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर. बारी गावातून वाट चढते आणि अवघड टप्प्यांना लोखंडी शिड्या आहेत. नवरात्रात वर गर्दी असते, पण ती भक्तांची, म्हणून शिस्तीची. रतनगडाचं नेढं आणि साम्रदजवळची सांदण दरी पावसाळ्यात टाळावी. सांदणच्या अरुंद खिंडीत पाणी कधी चढेल याचा भरवसा नसतो.

हरिश्चंद्रगडाला मात्र मुक्कामाच्या बेतानेच जावं. पाचनईहून वाट सोपी आहे. खिरेश्वरची वाट पुणे जिल्ह्यातून येते आणि कोकणकड्याचा पायथा ठाण्यात, म्हणजे एकाच गडाला तीन जिल्हे लागतात. हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर, केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात उभं असलेलं भलंमोठं शिवलिंग, भोवतीच्या चार खांबांपैकी शिल्लक राहिलेला एक. चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ इथे लिहिला अशी परंपरा आहे. मंदिर बघून लोक धावत कोकणकड्यावर जातात. तिथे कडा आत वळलेला आहे, त्यामुळे काठावर उभं राहून त्याचा पाया दिसत नाही. दरीत धुकं आणि पाठीशी सूर्य असला तर खाली गोल इंद्रवज्र उमटतं आणि मधोमध आपली सावली. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने ते पाहिल्याची नोंद आहे. आजचा प्रवासी ते पाहायला जातो आणि कड्याच्या टोकावर पाय सोडून स्वतःचा फोटो काढतो. वाऱ्याचा झोत खालून येतो, एवढं लक्षात ठेवून कड्यापाशी पोटावर झोपूनच डोकावावं.

मे अखेर ते जून मध्यापर्यंत काजवे. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर हजारो काजवे एका लयीत उजळतात आणि विझतात. तो उजेड म्हणजे नराने मादीला घातलेली साद. अळी दमट मातीत, पालापाचोळ्यात, गोगलगायी खात कित्येक महिने काढते आणि पंख फुटल्यावर तिच्या हातात दोन-तीन आठवडे उरतात. तेवढ्यात गाड्यांचे दिवे आणि टॉर्च आले की मादीला ती साद दिसत नाही, आणि झाडाखाली तुडवली जाते ती पुढच्या वर्षाची पिढी. या लोंढ्याला महोत्सव म्हणायची माझी तयारी नाही. वनखात्याने रात्रीच्या वाहनांवर निर्बंध घातले ते योग्यच झालं. ते शनिवारी-रविवारी कितपत पाळले जातात, हा भाग वेगळा.

गावाच्या हाती किती पैसा राहतो, हे तंबू कोणाचा यावर ठरतं. बुकिंग मुंबई-पुण्यात झालं तर गावातल्या पोराला वाटाड्याची मजुरी तेवढी मिळते. पुरुषवाडीने वेगळा मार्ग धरला. तिथे पाहुणे घरांत उतरतात, घरं पाळीपाळीने ठरतात आणि जेवायला घरचा भात, नाचणीची भाकरी असते. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपलं, त्यांना २०२०च्या पद्म पुरस्कारांत पद्मश्री जाहीर झाली. तालुक्यातल्या ताटात त्याची चव अजून सापडते. जायचं असेल तर आधी फोन करून सांगावं, कारण चुलीवरचा स्वयंपाक माणसं मोजून होतो. आणि शक्यतो सोमवार ते गुरुवारच्या दरम्यान जावं.