कंपनीचें दान आणि संस्थेचें स्वातंत्र्य

ज्याच्या हातीं थैली त्याच्याच हातीं लगाम, हा देणगीवर चालणाऱ्या संस्थांचा जुना अनुभव होय. त्याला अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडानें एक उत्तर दिलें होतें. प्रत्येकाकडून एकच पैसा घ्यावयाचा, म्हणजे कोणा एका दात्याची मर्जी सांभाळणें नको. त्याच निधींतून १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला.

श्रोतेहो, भिवंडींत हा प्रश्न आज निराळ्या रूपानें उभा आहे. गांव यंत्रमागांचें, पण मागवाले बहुतेक लहान. कंपनी कायद्याचें १३५ वें कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलांत आलें. ५०० कोटींचें निव्वळ मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकीं एक असलेल्या कंपनीनें मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास खर्चावे, असें तें सांगतें. लहान मागवाला या मापांत बसत नाहीं. महामार्गालगतच्या गोदामांत माल ठेवणाऱ्या मोठ्या कंपन्या बसतात. आणि जेथें धंदा, त्या परिसरास अग्रक्रम द्यावा, असेंही कायदा म्हणतो.

समजा, बारा बारा तास मागावर राबून कापसाची धूळ छातींत घेणाऱ्या कामगारांसाठीं एक संस्था दवाखाना चालविते, आणि एखादी कंपनी तिला फिरती गाडी देऊं करते. गाडीवर कंपनीचें नांव घालण्यास हरकत नसावी. रोग्यांचीं छायाचित्रें मात्र संस्थेनें देऊं नयेत. तीं तिच्या मालकीचीं नव्हेत. याहूनही सूक्ष्म दडपण आंकड्यांचें. शिबिरांत शंभर जणांची छाती तपासली कीं अहवाल भरतो. एका क्षयरोग्यास सहा महिने औषध पुरविलें, तर तो एकच मोजला जातो. कोणी हुकूम न देतां दवाखान्याचें शिबिर होतें, तें असें.

२०२१ चे नियम येथें उपयोगी पडतात. मालाच्या जाहिरातीसाठीं दिलेलें प्रायोजकत्व या खर्चांत धरलें जात नाहीं. पांच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासनखर्चास आहे, परिचारिकेच्या पगारास नव्हे. हें संस्थाचालकांनीं ठामपणें सांगावें. शिवाय, चालू प्रकल्पाची नसलेली शिल्लक रक्कम वर्षअखेरीनंतर सहा महिन्यांत सरकारनें नेमलेल्या निधींत भरावी लागते. म्हणजे गरज कंपनीलाही असतेच; संस्थेनें याचकासारखें बसण्याचें कारण नाहीं.

माझ्या मतें गाडी अवश्य घ्यावी, पण करार निदान तीन वर्षांचा असावा, आणि बरे झालेले रोगी मोजण्याची पद्धत त्यांत आधींच लिहावी. जागेचें भाडें व परिचारिकेचा पगार मात्र गांवच्या वर्गणींतूनच निघावा. मग गाडी परत गेली तरी दवाखाना दुसऱ्या दिवशीं उघडेल.