घरधनिणीची साठी

माणसाला साठ वर्षे पुरी झाली की आपण म्हणतो, अमक्याची साठी झाली. लगेच कोणीतरी हसून म्हणतो, "साठी बुद्धी नाठी!" ती म्हण थट्टेची आहे. तिच्याकडे लक्ष देऊ नये.

पण साठ हाच आकडा मोठा का मानतात? गुढीपाडव्याला पंचांग वाचतात तेव्हा नव्या वर्षाचे नाव सांगतात. त्या नावाला संवत्सर म्हणतात. अशी नावे एकंदर साठ आहेत. पहिले प्रभव, शेवटचे क्षय. साठ संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. २०२५ च्या पाडव्याला विश्वावसू संवत्सर लागले. त्याच्या आधी विश्वावसू आले होते १९६५ च्या पाडव्याला. त्या वर्षी जन्मलेल्या माणसाने सगळी साठ नावे पाहिली आणि आपल्या जन्माच्या नावापाशी तो परत आला. एक फेरा पुरा झाला. म्हणून साठी मोठी.

काही घरांत त्या वेळी उग्ररथ शांती करतात. काही जण साठ पुरी होऊन एकसष्टावे लागले म्हणून एकसष्टी करतात. पुढे पंचाहत्तरी असते. त्यापुढे सहस्रचंद्रदर्शन, म्हणजे हजार पौर्णिमा पाहणे. वर्षाला बारा पौर्णिमा. शिवाय अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना येतो, त्याची एक जादा. असे मोजत गेले की ८० वर्षे १० महिन्यांच्या सुमारास हजार भरतात. ज्याला हिशेबाची हौस असेल त्याने पाटीवर करून पाहावा.

हे झाले सोहळ्याचे. आता आमचा प्रश्न वेगळा आहे. आम्ही प्रौढांचे वर्ग घेतो. वर्गात आम्ही विचारतो, "तुमच्या गावात साठी कोणाची झाली?" मग कोणी सरपंचांचे नाव सांगतो, कोणी गुरुजींचे, कोणी आपल्या वडिलांचे. बाईचे नाव क्वचित येते. नवऱ्याची साठी होते तेव्हा बाई त्याला ओवाळते, शंभर पानांचा स्वयंपाक करते आणि शेवटी उरलेले खाते. दोन-चार वर्षांनी तिलाही साठ पुरी होतात. त्या दिवशी ती शेतात खुरपत असते. घरात कोणाला ठाऊकही नसते.

ठाऊक नसते याचे एक कारण खरे आहे. तिची जन्मतारीख कोणी लिहिलेलीच नसते. जे शाळेत गेले त्यांची तारीख दाखल्यावर असते. तीही पुष्कळांची एक जून! शाळा जूनमध्ये भरत, मूल सहा वर्षांचे दिसे, गुरुजी एक जून लिहून मोकळे होत. जी बाई शाळेतच गेली नाही तिच्या आधार कार्डावर नुसते जन्मसाल असते. तेही कोणी अंदाजाने सांगितलेले.

मग दिवस काढायचा कसा? जुन्या माणसांच्या आठवणी असतात, त्यांना धरून मोजावे. कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे झाला. बहात्तरचा दुष्काळ तर घराघरांत लक्षात आहे. तिच्या थोरल्या भावाला किंवा बहिणीला विचारा, "भूकंपाच्या वेळी ही केवढी होती?" ती म्हणाली, "पाळण्यात नव्हती, चालत होती, अंगणात हात धरून नेली," तर जन्म १९६६ च्या आसपास. बहात्तरच्या दुष्काळात ती खडीच्या कामावर आईबरोबर धाकटे भावंड सांभाळत बसे, असे निघाले तर ते या हिशेबाशी जुळते. मग विचारा, सुगी होती की पेरणी? पोळा झाला होता का? नवरात्र लागले होते का? एवढे कळले की महिना हाती येतो. तिथी नेमकी नाही सापडली तरी अडत नाही. घरच्यांनी मिळून एक दिवस धरावा. मात्र हे चुलीपाशी बसून, तिच्या देखत करावे. आपला जन्म कोणी शोधतो आहे, हे ऐकण्यातही तिला सुख असते.

दिवस ठरला. आता करायचे काय?

तिला विचारले तर ती म्हणेल, "मला काय करायचंय आता? पोरांचं बघा." या उत्तरावर थांबू नये. जन्मभर ती हेच बोलत आली. ताटात भाकरी कमी पडली तेव्हाही ती म्हणाली, "मला भूकच नाही." तेव्हा तिच्या बोलण्यापेक्षा तिच्या हाताकडे, डोळ्यांकडे पाहावे. सुईत दोरा ओवायला ती नातवाला हाक मारते का? तांदूळ निवडताना ताट उंबऱ्यावर उजेडात नेते का? पायऱ्या उतरताना भिंत धरते का? भेट कोणती द्यायची ते तिथे कळते.

पहिल्यांदा जेवणावळीचे सांगतो, कारण पुरुषांच्या मनात पहिल्यांदा तेच येते. मांडव, वाजप, दोनशे पाने. हौस आहे आणि घरचे पैसे आहेत, तर करा. पण उसने काढून करू नका. समजा २०,००० रुपये काढले. व्याज शेकडा ३ रुपये, दरमहा. म्हणजे महिन्याला ६०० रुपये. वर्षाला ७,२०० रुपये. दोन वर्षे मुद्दल फिटले नाही तर १४,४०० रुपये नुसते व्याजात गेले, आणि २०,००० डोक्यावर तसेच. लोक जेवून गेले ते विसरून गेले. हप्ता भरायला तिलाच दुसऱ्याच्या बांधावर रोजाने जावे लागले, तर ती साठी कोणाची झाली?

आणि एक. जेवण लहान असो की मोठे, त्या दिवशी चूल तिने पेटवायची नाही. लेकी, सुना, मुलगे मिळून पुरणपोळी करतील. मुलग्यांना येत नसेल तर त्यांनी पुरण वाटावे. पोळी फुटली तरी चालेल. तिला पाटावर बसवावे, भोवती रांगोळी काढावी. कणकेचे साठ दिवे लावून ओवाळण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. खर्च थोडा, शोभा मोठी. नवऱ्याने ओवाळले तर लोक हसतील, असे कोणी म्हणेल. हसू द्या. तिने चाळीस वर्षे ओवाळले तेव्हा कोणी हसले नव्हते.

आता भेटीचे.

लुगडे तर घ्याल, ते ठीकच. घेताना तिला दुकानात बरोबर न्यावे. रंग, काठ आणि पोत तिने हाताने पाहावा. नऊवारी नेसणारीला सहावारी आणून देणे ही भेट नव्हे, अडचण आहे.

चष्मा ही आमच्या मते फार चांगली भेट. चाळिशीनंतर जवळचे दिसेनासे होते, म्हणून तर चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो. पण चाळिशी लागली तेव्हा तिला कोणी दिली नाही, आणि आता साठी आली! डोळे तपासून घ्यावे. तपासताना मोतीबिंदू निघाला तर घाबरू नये. सरकारी रुग्णालयात त्याची शस्त्रक्रिया मोफत होते. वर्गात येणाऱ्या बायांना आम्ही पाहतो. अक्षर ओळखत नाही म्हणून त्या गप्प बसतात, असे वाटते. चष्मा लावला की कळते, अक्षर ओळखत होत्या, दिसत नव्हते.

मग येते सोने. "एकदा तरी तिला काही सोन्याचं करीन," असे पुष्कळांच्या मनात असते. चांगले आहे. पण आधी एक गोष्ट आठवा. तिची बोरमाळ कुठे आहे? पाटल्या कुठे आहेत? विहीर खोल करताना, मुलाची फी भरताना, बैल घेताना त्या गहाण पडल्या. "सुगीला सोडवू," असे तुम्ही म्हणाला होता. त्या सुगीला भाव पडला. पुढच्या वर्षी पाऊस गेला. ती काही बोलली नाही. सण आला की खोटी माळ घालून देवळात गेली. तेव्हा नवा दागिना घडवण्याआधी जुना सोडवून आणा. नव्या दागिन्यात घडणावळ जाते, कर जातो. जुना सोडवला की व्याजही थांबते. शिवाय ती माळ तिच्या आईने दिलेली असते. तिची बरोबरी नवी माळ करणार नाही. दुसरेही आहे. माहेरचे आणि लग्नात मिळालेले सोने हे बाईचे स्त्रीधन. ते तिचे एकटीचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट सांगितले. म्हणजे ही खरे तर भेट नाहीच. तिचे तिला परत देणे आहे. तरी त्या दिवशी ती माळ तिच्या गळ्यात पडली तर घराला केवढा आनंद होईल!

हात अगदीच आखडता असेल तर तिला माहेरी घेऊन जा. एकटी पाठवू नका, बरोबर जा. एस.टी.त २०२३ च्या मार्चपासून बायांना निम्मे भाडे आहे. आईबाप आता नसतील. पण भाऊ असेल, पाणवठा असेल, बरोबरीची एखादी मैत्रीण त्याच गावात दिली असेल. माहेरी तिला अजून लहानपणच्या नावाने हाक मारतात. ते नाव तुमच्या घरात पुष्कळांना ठाऊकही नसेल.

आता शेवटच्या भेटीचे जरा सविस्तर सांगतो. घरावर आणि जमिनीवर तिचे नाव लावणे.

वर्गातले काही पुरुष यावर म्हणतात, "तिचंच तर आहे सगळं. नाव कशाला लागतं?" बरे, कायदा काय म्हणतो? हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा आहे. नवरा मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या वाट्यात बायको, मुलगे, मुली आणि आई यांचा सारखा हक्क. म्हणजे हक्क आहे. पण तो हक्क कागदावर यायला वारसनोंद व्हावी लागते. त्या वेळी बाई दुःखात असते. कोणीतरी कागद पुढे करते, "इथं अंगठा लाव, काही नाही, नोंदीचा कागद आहे." पुष्कळदा तो हक्कसोडपत्राचा कागद असतो. अंगठा लागला की हक्क गेला. नवरा जिता असताना, दोघांच्या खुशीने नाव लागले असेल तर तिला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. म्हणून नाव लागते.

शेतीसाठी वाट सोपी आहे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. शेतकऱ्याने आपण होऊन जमीन बायकोच्या नावे करावी, असे ते सांगत. पुढे १९९२ साली राज्य सरकारने लक्ष्मीमुक्तीचा आदेश काढला. नवऱ्याने अर्ज केला की सातबाऱ्यावर त्याच्याबरोबर बायकोचे नाव सहधारक म्हणून लावता येते. अर्ज तहसीलदारांकडे करावा. तलाठ्याला आधी भेटावे, कोणते कागद लागतील ते तो सांगेल. जमीन भावाभावांत सामाईक असेल, किंवा तिच्यावर सोसायटीचा बोजा असेल, तर तेही तिथेच विचारून घ्यावे.

जमिनीचा तुकडा किंवा राहते घर पुरतेच तिच्या नावे करायचे असेल तर बक्षीसपत्र करावे लागते. त्याची नोंदणी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत होते. बायकोला राहते घर किंवा शेतजमीन बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. बाकीचा आकार वेगळा. तो कचेरीत विचारावा, दलालाला विचारू नये.

घराचे म्हणाल तर ग्रामपंचायतीत नमुना ८ चा उतारा असतो. त्यावर दोघांची नावे लावण्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा. हा उतारा घरपट्टीचा आहे. मालकीचा पक्का कागद तो नव्हे, हे ध्यानात ठेवावे. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन घरांच्या मिळकत पत्रिका निघू लागल्या. आपल्या गावची पत्रिका निघाली असेल तर तिच्यावर कोणाचे नाव आहे ते पाहावे.

हे काम एका दिवसात होत नाही. नोंद होते, नोटीस निघते, हरकतीसाठी मुदत असते. साठीच्या दिवशी उतारा हातात हवा असेल तर तीन-चार महिने आधी अर्ज द्यावा. आणि मुलांना आधी सांगावे. चोरून केले तर साठीच्या दिवशीच भांडण होईल.

बायांनी नवऱ्याच्या साठीला काय करावे, असेही वर्गात विचारतात. त्याचे थोडक्यात सांगतो. त्याचा रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. पायात चांगल्या वहाणा द्या. आणि त्याचा लहानपणचा मित्र दुसऱ्या गावी असेल तर त्याला दोन दिवस राहायला बोलवा. पुरुषाला साठीत फार करून बोलायला माणूस हवा असतो. तो सांगत नाही इतकेच.

उतारा हाती आला की तो तिच्याकडे द्या आणि तिचे नाव तिला स्वतःला वाचू द्या. आधार कार्डावरचे नाव, बँकेच्या पुस्तकावरचे नाव आणि उताऱ्यावरचे नाव शेजारी शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. एकात माहेरचे नाव, दुसऱ्यात सासरचे, असे असेल, किंवा एखादी वेलांटी चुकली असेल, तर लगेच दुरुस्तीचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.