जंतूंचं उष्टं

माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ साली मैल्याच्या टाक्यांवर वायू गोळा करण्याची सोय केली होती. १९०७ मध्ये त्याच वायूवर इंजिन चालवलं गेलं. खेड्यापाड्यांत गोबरगॅस पोचण्याच्या कितीतरी आधी मुंबईच्या मैल्याने हे करून दाखवलं होतं.

आज गाळापासून गॅस करणाऱ्या सांडपाणी केंद्रात गेलात, तर एक गंमत दिसेल. एका बाजूला ब्लोअर रात्रंदिवस पाण्यात हवा फुंकत असतात. विजेच्या बिलातला मोठा वाटा त्यांचाच. दुसऱ्या बाजूला एक बंद टाकी, डायजेस्टर. तिच्यात हवा शिरू नये म्हणून सगळी खबरदारी. दोन्हीकडे राबतात सूक्ष्मजीवच, पण त्यांच्या जेवणाच्या तऱ्हा वेगळ्या.

हवेवर जगणारे जंतू मैला खातात आणि प्राणवायूच्या मदतीने त्यातली ऊर्जा पुरेपूर वापरतात. त्यांची प्रजा भराभर वाढते. ही प्रजा आणि तळाशी बसलेला मैला मिळून होतो गाळ. म्हणजे पाणी निवळतं, पण घाणीचा बराच भाग गाळात एकवटतो.

हा गाळ जातो डायजेस्टरमध्ये. तिथे प्राणवायूच नाही, त्यामुळे अन्न पुरतं जाळता येत नाही. मग पंगतीमागून पंगत बसते. पहिले जंतू मोठे रेणू फोडतात, पुढचे त्यांची आम्लं करतात, त्यापुढचे या आम्लांपासून ॲसिटिक आम्ल आणि हायड्रोजन बनवतात. शेवटच्या पंगतीतले सूक्ष्मजीव त्यातून मिथेन सोडतात. त्यांच्या पदरात ऊर्जा पडते थोडीशी. बाकीची मिथेनमध्येच राहते. हे त्यांचं उष्टं म्हणजे आपलं इंधन.

टाकी साधारण ३५ ते ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि गाळ तिच्यात पंधरा-वीस दिवस किंवा त्याहून जास्त मुरतो. आम्ल करणारे जंतू चपळ, मिथेनवाले संथ आणि नाजूक. गाळ घाईने ओतला की आम्ल साचतं, टाकी आंबते, गॅस घटतो. उपाय आजीबाईचाच: लंघन. गाळ घालणं थांबवायचं, गरज पडली तर चुना द्यायचा.

या गॅसमध्ये ६० ते ६५ टक्के मिथेन असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. थोडा हायड्रोजन सल्फाइडही असतो. तो इंजिन गंजवतो, म्हणून आधी काढून टाकतात. एका घनमीटरमधून सुमारे दोन युनिट वीज मिळते आणि इंजिनाची उष्णता टाकी ऊबदार ठेवते. अमेरिकेत ऑकलंडच्या केंद्राने गाळाच्या जोडीला हॉटेलांतलं खरकटंही टाकीत घातलं आणि २०१२ पासून ते स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त वीज करू लागलं. आपल्याकडे चेन्नईच्या काही केंद्रांतही या गॅसवर वीज होते.

टाकी बांधली नाही, म्हणून हा वायू व्हायचा थांबत नाही. तुंबलेल्या नाल्यात, सेप्टिक टँकमध्ये तो तयार होतोच आणि आभाळात जातो. तिथे, शंभर वर्षांच्या हिशेबाने, त्यातला मिथेन तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. माटुंग्यात १८९७ साली त्याच्यावर नुसतं झाकण ठेवलं होतं.