बांधकाम परवानगी आणि संगणकीय चित्र : दिसते ते किती खरे?

पाली (जि. रत्नागिरी) : मुंबई-गोवा महामार्गाने हातखंबा ओलांडून पुढे आले की पाली लागते. येथूनच नाणीज, साखरपा व आंबा घाटामार्गे कोल्हापूरकडे जाणारा रस्ता फुटतो. वर्दळीच्या अशा गावात एखाद्या संस्थेने सभागृह किंवा बहुमजली इमारत उभारण्याचे ठरविले, की अलीकडे नकाशाबरोबर एक रंगीत चित्रही लोकांपुढे ठेवले जाते. निळे आकाश, हिरवळ, स्वच्छ रस्ता आणि मधोमध झळकणारी नवी वास्तू! छायाचित्र भासावे इतके ते हुबेहूब असते. परंतु ती वास्तू अजून अस्तित्वात आलेलीच नसते. हे चित्र संगणकाने घडविलेले असते.

अशा चित्राच्या आधारे शेजारी संमती देतात, दानशूर व्यक्ती देणगी देतात आणि मुंबईत नोकरी करणारी कुटुंबे गावाकडे सदनिका नोंदवितात. म्हणून ते कसे तयार होते, त्याचा उपयोग काय आणि त्यावर विश्वास कितपत ठेवावा, हे प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

अर्जाचा पाया नकाशाच

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. परवानगी मिळते ती नकाशाला, चित्राला नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ च्या कलम १८ नुसार प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात गावठाणाबाहेर बांधकाम करण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झाली. तिच्यानुसार अर्जासोबत जागेचा नकाशा, प्लॅन, सेक्शन व एलेव्हेशन जोडावे लागतात. त्यांवरील मापे व सह्या हाच कायदेशीर आधार होय.

मग चित्र कशासाठी? कारण प्लॅन व सेक्शन वाचणे हे शिकलेल्या डोळ्यांचे काम आहे. ‘उंची १२ मीटर’ हे शब्द वाचून आपल्या अंगणातून ती इमारत केवढी दिसेल, हे सर्वसामान्य माणसाला उमगत नाही. चित्र ते क्षणात सांगते. ही कल्पना जुनीच आहे. इंग्लंडमधील उद्यानरचनाकार हम्फ्री रेप्टन (१७५२-१८१८) आपल्या ग्राहकांसाठी जलरंगातील चित्रे काढीत असे. चित्रावरील कागदाची पट्टी उचलली की त्याच जागेचे बदललेले रूप खाली दिसे. ‘आधी’ आणि ‘नंतर’ शेजारी ठेवून पाहण्याची ती पद्धत आजही उपयुक्त आहे.

चित्र कसे तयार होते?

आरंभी नकाशातील मापांनुसार संगणकात इमारतीची त्रिमितीय प्रतिकृती उभी केली जाते. स्केचअप, रिव्हिट, ब्लेंडर अशी सॉफ्टवेअर यासाठी वापरली जातात. ब्लेंडर तर २००२ पासून सर्वांना मुक्तपणे उपलब्ध आहे. नंतर प्रत्येक पृष्ठभागाला चिरा, कौल, काच, गिलावा असे रूप दिले जाते. पुढे सूर्याची जागा ठरवितात आणि प्रकाशाचे किरण कोठून येतात, कोठे आदळतात व कसे परावर्तित होतात, याचा हिशेब संगणक करतो. टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये आणि जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या पद्धतींवर हे रेंडरिंगचे तंत्र उभे आहे.

खरी कसोटी शेवटच्या टप्प्यात लागते. तयार झालेली इमारत जागेच्या प्रत्यक्ष छायाचित्रात बसवावी लागते. त्यासाठी छायाचित्र कोठून, किती उंचीवरून आणि कोणत्या लेन्सने घेतले, याची नोंद लागते. विजेचा खांब, कुंपणाचा कोपरा, शेजारच्या घराची पाखाडी अशा ठिकाणांची मापे घेऊन प्रतिकृती व छायाचित्र एकमेकांशी जुळवितात. हे केले, तर ते चित्र मोजमापाचा पुरावा ठरते. न केल्यास ती केवळ सजावट राहते.

फसगत कोठे होते?

चित्रातील प्रत्येक वस्तू खोटी असण्याची गरज नसते. एखादी निवडही दिशाभूल करू शकते. रुंद कोनाची लेन्स वापरली की इमारत दूर व लहान भासते. त्याच जागेवरून २५ मिलिमीटरच्या लेन्सने घेतलेल्या चौकटीत ती ५० मिलिमीटरच्या लेन्सच्या तुलनेत निम्म्या आकाराची दिसते. आकाशातून पाहिल्यासारखे चित्र देखणे असते. पण गावातील कोणीही ती इमारत आकाशातून पाहणार नसतो. तोडावयाचे फणसाचे झाड चित्रात तसेच राहते, कालच लावलेले रोप वीस वर्षांचे होऊन डोलते, विजेच्या तारा नाहीशा होतात.

या कारणास्तव ब्रिटनच्या लँडस्केप इन्स्टिट्यूटने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. छायाचित्र शक्यतो ५० मिलिमीटरच्या लेन्सने आणि उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्यावे, असा त्यांचा आशय आहे. असे चित्र ३९ सेंटिमीटर रुंद छापून सुमारे ५४ सेंटिमीटर अंतरावर धरले, तर वस्तू प्रत्यक्षात जेवढी भासेल तेवढीच चित्रात भासते. भ्रमणध्वनीच्या लहानशा पडद्यावर हा अंदाज येणे शक्य नाही.

२०२२ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्रे बनविणारी साधने सर्वांच्या हाती आली आहेत. चार शब्द लिहिताच ती सुंदर इमारत दाखवितात. मात्र शब्दांवरून बनलेल्या अशा चित्रामागे मोजलेली प्रतिकृती नसते. कल्पना सुचविण्यास ते ठीक. अर्जाला आधार म्हणून ते जोडणे योग्य नव्हे.

सावलीचा हिशेब

आपल्या भागापुरते एक उदाहरण घेऊ. पाली सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला मध्यान्ही सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर असतो. त्या वेळी १२ मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेकडे सुमारे १० मीटर पडते. सकाळ-संध्याकाळी ती त्याहून कितीतरी लांब असते. उलट २१ जूनला मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो आणि सावली दक्षिणेला जेमतेम सव्वा ते दीड मीटर भरते.

याचा अर्थ असा, की जूनमधील दुपारचे चित्र दाखविले तर शेजाऱ्याचे अंगण उन्हात न्हालेले दिसेल. परंतु उत्तरेकडील त्याच अंगणात हिवाळ्यात धान्य वाळत घालणाऱ्या कुटुंबाला ऊन मिळेल काय, याचे उत्तर त्या चित्रात नसेल. म्हणून चित्रावर तारीख व वेळ असावी आणि डिसेंबरचेही एक चित्र मागावे. कोकणातील धुवाधार पाऊसही विसरता कामा नये. छपराचे पाणी कोणाच्या बाजूला उतरते, हे चित्रकार बहुधा दाखवीत नाही. ते नकाशातच पाहावे लागते.

कायदा काय सांगतो?

खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती देऊन मिळविलेली परवानगी रद्द करण्याची तरतूद नियमावलीत आहे. सदनिका विकत घेणाऱ्यांसाठी स्थावर संपदा अधिनियम, २०१६ मधील कलम १२ महत्त्वाचे आहे. जाहिरातीतील किंवा माहितीपत्रकातील खोट्या विधानावर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचे नुकसान झाल्यास विकासकाने भरपाई द्यावी, आणि ग्राहकाला व्यवहारातून बाहेर पडावयाचे असल्यास त्याची रक्कम व्याजासह परत करावी, असे ते सांगते. यासाठी आकर्षक चित्र असलेले माहितीपत्रक फेकून न देता जपून ठेवावे.

आपण काय विचारावे?

चित्र समोर आले की पुढील प्रश्न नम्रपणे, पण अवश्य विचारावेत :

१. हे चित्र परवानगीसाठी दाखल केलेल्या नकाशावरूनच केले आहे काय? नकाशा बदलल्यावर चित्रही बदलले काय?
२. छायाचित्र कोठून, किती उंचीवरून व कोणत्या लेन्सने घेतले?
३. तारीख व वेळ कोणती गृहीत धरली?
४. कोणती झाडे तोडली जाणार? दाखविलेली नवी झाडे किती वर्षांनंतरची आहेत?
५. जवळच्या घराच्या दारातून इमारत कशी दिसेल, याचे चित्र आहे काय?

शंका राहिल्यास एक साधा उपाय आहे. स्वित्झर्लंडमध्ये बांधकामापूर्वी जागेवर खांब उभे करून भावी इमारतीची उंची व आकार दाखविण्याची प्रथा आहे. आपल्याकडे बांबूची वाण नाही. चार कोपऱ्यांवर बांबूला बांबू जोडून ठरलेल्या उंचीवर फडके बांधावे आणि शेजाऱ्यांना आपापल्या अंगणातून पाहू द्यावे. चित्र व बांबू यांचा मेळ बसला, तर लोकांचा विश्वास आपोआप दृढ होईल.

धर्मग्रामात नवे सभागृह, शाळा वा धर्मगुरूंचे निवासस्थान बांधताना आपण स्वतःच चित्र दाखविणारे असतो. तेव्हा हीच कसोटी आधी आपल्या चित्राला लावावी. कामाचा गाजावाजा होण्यापूर्वी उत्तरेकडच्या शेजाऱ्याला बोलावून डिसेंबरच्या सावलीचे चित्र त्याच्या हाती द्यावे. कदाचित इमारत दोन मीटर मागे सरकवावी लागेल. पण नकाशावर ती सरकविणे सोपे असते. बांधून झाल्यावर मात्र त्या शेजाऱ्याला पिढ्यान्पिढ्या त्याच सावलीत राहावे लागते.