अंधार ओळखणारे यांत्रिक बोट

सायंकाळी अंधार पडताच व्हरांड्यातील दिव्याचे बटण आपोआप दाबले जावे, यासाठी घरातील वीजजोडणी उघडण्याची गरज नाही. बटणावर बाहेरून बसवलेले यांत्रिक बोट हे काम करू शकते. घरातील २३० व्होल्टचा प्रवाह आणि ५ व्होल्टवर चालणारे उपकरण परस्परांपासून अलग राहतात, ही या रचनेची जमेची बाजू होय.

या उपकरणाचा डोळा म्हणजे एलडीआर हा प्रकाशसंवेदी रोधक. प्रकाश पडला की त्याचा विद्युतरोध घटतो, अंधारात वाढतो. त्याला १० किलोओहमचा स्थिर रोधक एकसरीत जोडल्यास मधल्या बिंदूवरील विद्युतदाब प्रकाशानुसार बदलतो. आर्डुइनो उनो हा फलक तो दाब ० ते १०२३ या अंकांत मोजतो व सर्वो मोटरला हुकूम देतो. मोटरची भुजा एकीकडे वळली की दिवा लागतो, दुसरीकडे वळली की विझतो.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. ढगांमुळे प्रकाश ठरावीक मर्यादेभोवती घुटमळला, तर दिवा सारखा लागत-विझत राहील. म्हणून मर्यादा दोन ठेवाव्यात. उदाहरणार्थ, ३०० च्या खाली अंधार आणि ५०० च्या वर उजेड मानावा; मधल्या पट्ट्यात भुजा हलूच नये. नेमके आकडे मात्र जागेवर मोजूनच ठरवावेत.

दिव्याचा स्वतःचा प्रकाशही संवेदकावर पडता कामा नये. अन्यथा दिवा लागताच उपकरणाला पहाट झाल्याचा भास होईल आणि ते तो लगेच विझवील.