शस्त्रक्रियेतले एक लहानसे बटण

मुलाच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनआधी एका वडिलांनी मला एक प्रश्न विचारला होता. "डॉक्टरसाहेब, कात्र्या-चिमटे तुम्ही वाफेवर निर्जंतुक करता हे माहीत आहे. पण ती बटण दाबून चालवायची हत्यारं? त्यांना वाफ कशी चालते?"

प्रश्न साधा वाटला तरी तो थेट मुळाशी जाणारा होता. वाचकहो, घरातली टॉर्च कुकरमध्ये ठेवून चार शिट्ट्या घेतल्या आहेत, अशी कल्पना करा. (प्रत्यक्ष करून पाहू नका!) बाहेर काढल्यावर तिचे बटण चालेल काय? आणि हेच शेकडो वेळा केले तर? शस्त्रक्रियेच्या उपकरणाच्या बटणाकडून नेमकी हीच अपेक्षा असते.

पेनाएवढे हत्यार

उदाहरण म्हणून 'कॉटरी पेन्सिल' घेऊ. पेनाएवढ्या या उपकरणाच्या टोकातून उच्च वारंवारतेची वीज वाहते. तिने मांस कापता येते आणि रक्तस्रावही थांबवता येतो. विल्यम बोव्ही यांनी तयार केलेले असे यंत्र हार्वे कुशिंग या मेंदूच्या शल्यविशारदांनी १ ऑक्टोबर १९२६ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे शस्त्रक्रियेत वापरले. रक्तस्रावाच्या भीतीने ज्या गाठींना हात लावता येत नसे, त्या काढण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला.

या पेन्सिलीवर दोन बटणे असतात. पिवळे कापण्यासाठी, निळे रक्त थांबवण्यासाठी. टेबलाखाली ठेवलेल्या पेडलनेही हे काम होते आणि पेडल निर्जंतुक करावे लागत नाही. पण डोळे जखमेवर असताना पायाने अंधारात चाचपडावे लागते आणि चुकीचे पेडल दाबले जाण्याचा धोका राहतो. म्हणून बोटाखालचे बटण सोयीचे. मात्र ते बटण रुग्णाच्या रक्ताजवळ येते. तेव्हा त्याची शुद्धी आलीच.

कुकरची कसोटी

ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा, काटेकोर प्रेशर कुकर. पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी १८७९ मध्ये तो तयार केला. साध्या उकळण्याने काही जिवाणूंचे चिवट बीजाणू मरत नाहीत. त्यासाठी दाबाखालची वाफ लागते: १२१ अंश सेल्सियसला साधारण १५ मिनिटे किंवा १३४ अंशांना किमान ३ मिनिटे.

आधुनिक ऑटोक्लेव्हमध्ये आधी आतली हवा खेचून घेतात, मग दाबाने वाफ सोडतात आणि शेवटी वाळवण्यासाठी पुन्हा हवा खेचतात. बटणावरच्या रबरी पडद्याचे यात हाल होतात. हवा खेचली की तो फुगतो आणि वाफेचा दाब आला की आत दबतो. कुकरची रिंग काही महिन्यांनी कडक होऊन वाफ सोडू लागते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. तसेच येथे होते. केसाएवढी फट पडली की वाफ आत शिरते आणि थंड होऊन तिचे पाणी होते. धातूचे टोक गंजते.

फटीचा दुसरा धोका रक्ताचा. बटणाच्या कडेला सुकलेले रक्त अडकले की त्याखाली वाफ नीट पोहोचत नाही. हिपॅटायटिस-बी चा विषाणू सुकलेल्या रक्तात किमान ७ दिवस तग धरू शकतो. म्हणून वाफेआधी घासूनपुसून स्वच्छता हवी आणि बटणाला घाण साठेल अशी खाचच नको.

फट नाही, तर गळती नाही

यावर तंत्रज्ञांनी काढलेला एक तोडगा नामी आहे. बटण आणि आतली वीज यांच्यामध्ये छिद्रच ठेवायचे नाही. बटणाखाली छोटे चुंबक बसवायचे. आत, पूर्ण बंद कप्प्यात, चुंबकाची चाहूल घेणारा संवेदक ठेवायचा. बटण दाबले की चुंबक जवळ येते आणि संवेदकाला कळते. मधली भिंत चुंबकाला न चिकटणाऱ्या धातूची असली की झाले. संवेदकामागचे तत्त्व एडविन हॉल यांनी शोधले तेही १८७९ मध्येच! हाडाला भोके पाडणाऱ्या ड्रिलसारख्या काही उपकरणांत अशी बटणे असतात.

यातही निवड महत्त्वाची. नेहमीच्या प्रकारचे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे कमजोर होऊ लागते, तर समारियम-कोबाल्टचे चुंबक २०० अंशांनंतरही टिकते. पडद्यासाठी साधे रबर चालत नाही, उष्णता सोसणारे सिलिकॉन लागते.

बिघडलेच तर?

कोणतेही बटण कधी ना कधी बिघडणारच. खरा प्रश्न आहे तो कसे बिघडते हा. दाबूनही चालू झाले नाही, तर खोळंबा होतो आणि दुसरी पेन्सिल घ्यावी लागते. पण सोडूनही चालूच राहिले, किंवा आतल्या ओलाव्याने आपोआप चालू झाले, तर बाजूला ठेवलेली पेन्सिल रुग्णाची त्वचा भाजू शकते. भुलीखालचा रुग्ण ओरडूही शकत नाही.

म्हणून चांगल्या रचनेत बिघाड झाला तर तो 'बंद'च्या बाजूने होईल असे पाहतात. यंत्र सुरू करतानाच बटण दाबलेले आढळले, तर यंत्र वीज सोडत नाही, इशारा देते. हातमोजे ओले असतानाही बोटाला 'टक्' जाणवली पाहिजे. बटण फार हलके असेल तर चुकून दाबले जाते. फार जड असेल तर हात थरथरतो.

तंत्राला शिस्तीचीही जोड हवी. वापर नसताना पेन्सिल रुग्णाच्या अंगावर न ठेवता तिच्या म्यानात ठेवावी. वीज चालू असल्याचा यंत्राचा आवाज त्रासदायक वाटला, तरी बंद करू नये. तो आवाजच पहारेकरी आहे.

आपण काय विचाराल?

० उपकरणे कशी निर्जंतुक करता, हे विचारण्यात संकोच नको. गठ्ठ्यावरच्या चिकटपट्टीचा रंग बदलतो, तो वाफ मिळाल्याची खूण असतो. मात्र सारे जंतू मेले याची ती एकटी हमी नव्हे.

० वेष्टनावर २ हा आकडा गोलात काट मारून छापला असेल, तर ती वस्तू एकदाच वापरण्यासाठी असते. अनेक कॉटरी पेन्सिली याच प्रकारच्या असतात. पुन्हा वापरायच्या पेन्सिली वेगळ्या मिळतात व त्या किती वेळा वापराव्यात हे उत्पादक लिहून देतो. काटकसर म्हणून ही मर्यादा ओलांडणे बरोबर नाही.

० हृदयात पेसमेकर बसवलेला असेल, तर शस्त्रक्रियेआधी जरूर सांगा. कॉटरीची वीज त्याच्या कामात अडथळा आणू शकते.

त्या वडिलांना मी आमचा ऑटोक्लेव्ह दाखवला आणि पेन्सिलीचे बटण दाबूनही पाहायला दिले. "एवढंसं तर आहे," ते म्हणाले. एवढेसेच असते. पण मुलगा टेबलावर भुलीखाली असताना, बोट उचलताच ते बंद झाले पाहिजे.