गावाचा इतिहास कोठे शोधावा?

महसुली दप्तरात 'बेचिराख' हा शब्द वारंवार आढळतो. त्यात आपल्या कानाला राख ऐकू येते, म्हणून आपण त्याचा अर्थ 'राखरांगोळी झालेले' असा करतो. मूळ फार्सी शब्द मात्र 'बे-चिराग' असा आहे. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात तिन्हीसांजेला दिवा लावण्यास कोणी उरले नाही, ते गाव बेचिराग. माणसे परागंदा झाली, भिंती मातीस मिळाल्या. तरी गावाचे नाव, त्याची शीव आणि त्याचा आकार कागदावर राहिला. महाराष्ट्रातील गावांच्या याद्यांत वस्ती नसलेली अशी गावे आजही आहेत.

अशा गावात कोण राहत होते, ते का उठले, पुढे जवळपासची वाडी कोणी वसविली, या प्रश्नांची उत्तरे म्हणजेच वसाहतीचा इतिहास. पुष्कळ लोक म्हणतात, "आमच्या गावाला इतिहास असा काही नाही." त्यांच्या मनात इतिहास म्हणजे लढाई, तह आणि राजे. परंतु गावाचा इतिहास कोणी इतिहास म्हणून लिहिलेला नसतो. तो सारा, तंटा आणि दान यांच्या निमित्ताने लिहिला गेलेला असतो. त्या कागदांचे मोलही त्यातच आहे. आपण पुढच्या पिढ्यांसाठी काही लिहून ठेवीत आहोत, याची जाणीव ते लिहिणाऱ्यास नव्हती.

श्रोतेहो, या शोधाचा आरंभ ग्रंथालयात न करता गावाच्या मातीत करावा. आपल्या जुन्या व्यवहारात गावाचे दोन भाग मानले जात. पिकाची जमीन ती 'काळी' आणि वस्तीची जागा ती 'पांढरी'. शेकडो वर्षे एकाच जागी घरे उभी राहिली आणि पडली. त्यांची माती, चुलीची राख आणि शेण यांचे थर साचून ती जमीन पांढुरकी झाली. म्हणून शेतात एखादे पांढऱ्या मातीचे टेकाड दिसले आणि त्यात खापरे सापडली, तर तेथे पूर्वी वस्ती होती असे समजावे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले. आरंभीची प्रशस्त चौकोनी घरे जाऊन अखेरच्या काळात लहान गोल झोपड्या आल्या आणि शेवटी गाव उठले. कागदाच्या कितीतरी आधी बेचिराग झालेले ते एक गाव होय. अशा टेकाडांची माती घरांच्या धाब्यांसाठी खणून नेण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. प्रत्येक खेपेबरोबर इतिहासाचे एक पान जाते, हे नेणाऱ्यास ठाऊक नसते.

मातीनंतर दगड. देवळाच्या आवारात किंवा वेशीपाशी वीरगळ असतात. गावाचे किंवा गुरांचे रक्षण करताना पडलेल्या पुरुषांची ती स्मारके. शिलाहार आणि यादव यांच्या काळातील दानाचे शिलालेख कोकणात आणि देशावर आढळतात. वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली दान मोडणारास शाप देणारे शिल्प, अशा दगडास गधेगाळ म्हणतात. अशा लेखात गावाचे तत्कालीन नाव आणि त्याच्या चतुःसीमा सापडतात. मात्र जीर्णोद्धाराच्या उत्साहात हे दगड तेलरंगाने माखले जातात, किंवा फरशीखाली गाडले जातात. भक्तिभावाने केलेला हा नाश परचक्रातील नाशापेक्षा कमी नसतो.

दगडानंतर कागद. येथे काही शब्दांची ओळख करून घेणे अगत्याचे आहे. गावातील मिरासदार घराण्यांच्या मूळ जमिनींची नोंद 'थळझाडा' या कागदात असे. जे घराणे नामशेष झाले त्याच्या जमिनीस 'गतकूळ' म्हणत. कूळ गेले तरी जमिनीस त्याचे नाव चिकटून राही. मिरास नसलेला, बाहेरून येऊन जमीन कसणारा तो 'उपरी'. दुष्काळ वा स्वारी यांमुळे गाव ओस पडले, तर पुन्हा वसाहत करण्यासाठी सरकार 'कौल' देई. पहिल्या वर्षी सारा अल्प आणि मग वर्षागणिक चढता, या पद्धतीस 'इस्तावा' म्हणत. तंटा पडल्यास गोतसभा बसे आणि तिच्या निर्णयाचा 'महजर' होई. वादी आपल्या हक्काची हकीकत सांगे, तो 'करीना'. एका गावचा थळझाडा, एक कौल आणि एक महजर हाती आला, तर तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या गावातील घराणी नावानिशी आपल्यासमोर उभी राहतात.

हे कागद कोठे असतात? पहिले ठिकाण म्हणजे जुन्या वतनदारांची घरे. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांच्या माळ्यावर तांबड्या फडक्यात बांधलेले रुमाल असत. वतन टिकवायचे तर कागद टिकविणे भाग होते. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने आणि पाटिलकीची वतने १९६२ च्या कायद्याने रद्द झाली. सुधारणा म्हणून ते योग्यच झाले. परंतु त्याबरोबर कागद जपण्याचे व्यावहारिक कारणही संपले. मोडी वाचणारी पिढी गेली, वाडे विकले गेले आणि न वाचता येणारे रुमाल रद्दीत किंवा नदीत गेले.

दुसरे ठिकाण म्हणजे सरकारी दप्तर. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जमिनीची नवी मोजणी व प्रतवारी सुरू केली. तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. तीस वर्षांच्या मुदतीने आकारणी ठरे आणि त्या वेळी तालुक्याचा अहवाल तयार होई. त्यात पाऊस, बाजार, रस्ते, विहिरी, घरे आणि गुरे यांची हकीकत असे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जुने मोजणी नकाशे व पत्रके मिळतात. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली, तेव्हापासूनचे फेरफार महसूल दप्तरात पाहता येतात. जिल्ह्याचे सामान्य चित्र हवे असल्यास कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेले मुंबई इलाख्याचे गॅझेटियर चाळावे. पुणे जिल्ह्याचा भाग १८८५ चा आहे. मराठवाड्यातील शोधकास मात्र फार्सी व उर्दू कागद पाहावे लागतील आणि त्यांसाठी हैदराबादेस जावे लागेल.

तिसरे ठिकाण म्हणजे संग्रहालये. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. तथापि ती केवळ निवड आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून कागद गोळा करीत. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड निघाले आणि १९१० मध्ये त्यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. उत्तर कोकणाच्या वसाहतीविषयी त्यांनीच १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेली 'महिकावतीची बखर' आणि तिची प्रस्तावना आजही विचारप्रवर्तक आहे.

महाराष्ट्राबाहेरील मराठी श्रोत्यांनी आपल्याला यात काम नाही असे समजू नये. तंजावर येथे १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते. सरफोजीराजांनी बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये आपल्या वंशाचा इतिहास मराठीत कोरविला, आणि सरस्वती महालात मोडी कागदांचा संग्रह आहे. बडोद्यास गायकवाडांची, तर बिकानेरच्या राजस्थान राज्य अभिलेखागारात रजपूत संस्थानांची दप्तरे आहेत. गोव्यातील गावकरीचे रिवाज पोर्तुगीजांनी १५२६ मध्येच लेखनिविष्ट केले. आपले पूर्वज कोणत्या गावाहून, कोणाबरोबर तेथे आले, हाही वसाहतीचाच इतिहास आहे.

कागद सापडल्यावर वाचनाच्या दोन अडचणी येतात. पहिली लिपीची. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो आणि शब्द तोडून लिहिलेले नसतात. तरी काही महिन्यांच्या सरावाने ती वाचता येते. दुसरी कालगणनेची. शालिवाहन शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, हे सर्वांस माहीत आहे. परंतु मराठी कागदांवर बहुधा शुहूर सन असतो आणि तो अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. 'अर्बा सितैन मया अलफ' म्हणजे चार, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६४. त्यात ५९९ मिळविले की १७६३ येते. हे वर्ष मृगाच्या आरंभी, म्हणजे जूनमध्ये सुरू होत असल्याने तो कागद १७६३-६४ चा ठरतो.

वाचता आले म्हणजे विश्वास ठेवावा असे मात्र नाही. करीना हा हक्क सांगणाऱ्याचा कागद असतो. तो आपल्या घराण्याची प्राचीनता वाढवून सांगणारच. वतनाच्या लोभाने बनावट सनदाही झाल्या. म्हणून एका कागदास दुसऱ्याची आणि दोहोंस जमिनीची साक्ष घ्यावी. पुणे जिल्ह्यातील लोणी गावाचे वर्णन डॉ. कोट्स यांनी १८२० च्या सुमारास लिहून ठेवले. पुढे डॉ. घुर्ये यांनी त्याच लोणीकंद गावाचा पुन्हा अभ्यास करून १९६० मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. जुने वर्णन जपले गेले होते, म्हणूनच ही तुलना शक्य झाली.

आता जतनाविषयी. १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा प्राचीन वास्तूंना संरक्षण देतो. पण ते घोषित झालेल्या वास्तूंना. गावची बारव, वेस किंवा चावडी केवळ जुनी आहे म्हणून आपोआप संरक्षित होत नाही. ती कोणी बांधली, केव्हा बांधली आणि तिच्यावर सत्ता कोणाची, हे प्रथम सांगावे लागते. आणि ते सांगणारा कागद बहुधा गावातच कोणाच्या तरी माळ्यावर पडलेला असतो. कागद गेला की बारव मुकी होते, आणि मुक्या वास्तूचा दगड घराच्या पायात जाण्यास वेळ लागत नाही. साधने शोधणे आणि वास्तू राखणे ही दोन कामे नसून एकच काम आहे, ते याच कारणाने.

यासाठी प्रत्येकाला करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. रुमाल सापडला तर कागदांचा क्रम मोडू नये. फाटलेल्या कागदास चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक कागद खातो. स्वच्छ सुती फडक्यात, ओल व वाळवीपासून दूर ते ठेवावे. प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे आणि कोणत्या घरी, कोणत्या पेटीत सापडले ते लिहून ठेवावे. मूळ कागद द्यावयाचा नसेल तर छायाचित्रे तरी एखाद्या संशोधन मंडळास द्यावीत. नांगरताना ताम्रपट किंवा नाणी मिळाली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे लागते. शेतांची जुनी नावे वृद्धांकडून उतरवून घ्यावीत. गट क्रमांक आल्यापासून ती जिभेवरून उतरत आहेत.

२०२३ मध्ये जातीच्या जुन्या नोंदी शोधण्यासाठी महाराष्ट्रभर मोडी दप्तरे उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांचा अकस्मात शोध सुरू झाला. आपल्याला कोणता कागद केव्हा लागेल, हे आधी सांगता येत नाही. आणि लागेल तेव्हा तो नव्याने निर्माण करता येत नाही. येत्या सुट्टीत आपण गावी गेलात, तर माळ्यावरचे ते तांबडे बासन एकदा खाली काढावे, आणि ते कोणाकडून तरी वाचून घेतल्यावाचून परत वर टाकू नये.